खडकात मुरलेला समुद्र

अजिंठ्याच्या भिंतींवरचा गडद निळा रंग लाजवर्दाचा आहे. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून आला असावा असे मानतात. तिथे कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संग येथे, लाजवर्द हजारो वर्षे खणला जातो आहे. त्याला निळेपणा देणाऱ्या लाझुराइट या खनिजात सोडियम असते, गंधक असते आणि थोडे क्लोरीनही असते. भोवती सगळा संगमरवर आणि पट्टेदार नाइस. म्हणजे हा डोंगर एके काळी भूगर्भात खोल जाऊन सातशे अंशांच्या घरात तापून निघालेला आहे. अशा ठिकाणी क्लोरीन आणि गंधक कुठून आले? अनेक अभ्यासकांचे उत्तर असे की उथळ समुद्र आटला, चुनखडीच्या थरांत मीठ आणि जिप्सम साचले आणि पुढे हे सगळे एकत्रच भाजून निघाले. काहींना मात्र बाहेरून आलेल्या तप्त द्रवांचा वाटा मोठा वाटतो. या वादात दोन्ही बाजूंना आधार आहे, पण प्रश्न लाजवर्दापुरता नाही. इतक्या भाजलेल्या खडकाला समुद्राची साक्ष देता येते का, आणि दिली तर ती कितपत धरायची?

रूपांतरित खडक म्हणजे मूळचा गाळ, चुनखडी किंवा लाव्हा. तो वितळत नाही, पण उष्णता आणि दाब यांमुळे त्याचे सगळे स्फटिक नव्याने घडतात. या घडामोडीत शिंपले पुसले जातात, थर चेपले जातात, आणि पाणी तर आधीच वाट धरते. म्हणून ‘समुद्राचे खनिज’ शोधत बसणारा फसतो. असे एकही खनिज नाही. सर्पेंटाईन गोड्या पाण्यानेही बनते, तुरमली ग्रॅनाइटातही वाढते, क्लोराइट तर जिथे तिथे. खूण शोधायची ती खडकाच्या जमाखर्चात: मुळात नसलेले काय शिरले आणि असायला हवे होते ते काय गेले. मिठात मुरलेली कैरी पुढे कशातही शिजवा, आत गेलेले मीठ जिभेला कळतेच. खडकाचेही तसेच आहे. रूपांतरणात खनिजे बदलतात, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, पण मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमची बेरीज फारशी हलत नाही.

हा जमाखर्च नीट कळला तो १९७७ नंतर. त्या वर्षी ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून गालापागोसजवळच्या समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे दिसले. दोनच वर्षांनी पूर्व प्रशांत महासागरातल्या डोंगररांगेवर साडेतीनशे अंशांहून गरम, काळा धूर ओकावा तसे पाणी सोडणाऱ्या चिमण्या सापडल्या. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून आत जाते, तापते आणि परत वर येते. आत जाताना त्याच्यात किलोमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते, बाहेर येताना जवळजवळ शून्य. ते सगळे बेसाल्टाने ठेवून घेतलेले असते आणि बदल्यात कॅल्शियम दिलेले असते. शिवाय फेल्डस्पारमधल्या कॅल्शियमची जागा पाण्यातले सोडियम घेते. असा बेसाल्ट लाव्हा म्हणून कधीच निघत नाही: मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम नगण्य.

आता हाच खडक तापवला तर काय होईल? याचे उत्तर फिनलंडमध्ये आधीच पडून होते. नैर्ऋत्य फिनलंडातल्या ओरियार्वी या जुन्या तांब्याच्या खाणीभोवती कॉर्डिएराइट आणि अँथोफिलाइट या दोन खनिजांचे विचित्र खडक आहेत. मॅग्नेशियमने भरलेले, कॅल्शियम नसलेले. पेंटी एस्कोला या थोर भूवैज्ञानिकाने १९१४ मध्ये त्यांचा अभ्यास केला. शेजारच्या ग्रॅनाइटातून मॅग्नेशियम बाहेर आले आणि भोवतालच्या खडकांत शिरले, असा त्याचा निष्कर्ष होता. रूपांतरित खडकांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी हा एक. त्याच्या शब्दाला वजन होते, आणि हे मत अर्धशतक टिकले. पुढे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या व्हॅलन्स यांनी उलटा विचार मांडला. हे खडक रूपांतरणाच्या आधीच बदललेले होते. नंतरच्या उष्णतेने फक्त त्यांची खनिजे बदलली, घटक नाही. समुद्रतळावरचे झरे दिसल्यावर तर चित्र स्पष्टच झाले. क्लोराइट आणि गारगोटीने भरलेला, समुद्राच्या पाण्याने धुतलेला ज्वालामुखी खडक तापला की कॉर्डिएराइट आणि अँथोफिलाइट तयार होतात. ओरियार्वीचे तांबे त्याच गरम पाण्याने आणलेले. आज प्राचीन खडकांच्या प्रदेशात हे जोडखनिज दिसले की तांबे-जस्त शोधणाऱ्यांचे कान टवकारतात. समुद्राच्या खुणेला बाजारात भाव मिळाला तो असा.

मिठाची साक्ष वेगळ्या वाटेने येते. साधे मीठ किंवा शेंदेलोण थरांत असेल तर रूपांतरणाआधीच ते विरघळून किंवा दाबाखाली वाहून जाते. पण जाता जाता ते शेजारच्या खनिजांत अडकते. स्कॅपोलाइट या खनिजाच्या सोडियमी प्रकाराचे सूत्र मांडले तर ते अल्बाइटाचे तीन रेणू अधिक मिठाचा एक असे निघते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मेरी कॅथलीनच्या परिसरात सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचे चुनखडीयुक्त थर आहेत आणि त्यांत स्कॅपोलाइट मुबलक आहे. महत्त्वाचे म्हणजे ते थराथराने बदलते, एका थरात दाट, शेजारच्यात विरळ. बाहेरून आलेला द्रव असा थर मोजून शिरत नाही. म्हणून इथे आटलेल्या खाऱ्या पाण्याची कल्पना पटते.

म्यानमारमधल्या मोगोकचे माणिक याच कुळातले म्हणायला हरकत नाही. मोगोक, व्हिएतनाममधले लुक येन, अफगाणिस्तानातले जेगदालेक, पाकिस्तानातले हुंझा: या सगळ्या ठिकाणी माणिक संगमरवरात सापडते. त्या माणकांच्या पोटात अडकलेल्या सूक्ष्म थेंबांत क्लोराइडे, अनहायड्राइट, अगदी शुद्ध गंधकही आढळले. फ्रेंच अभ्यासकांच्या गटाने त्यावरून मांडलेले म्हणणे असे की किनाऱ्यालगतच्या खाजणासारख्या उथळ पाण्यात चुनखडी, चिखल आणि क्षार एकत्र साचले. हिमालय घडवणाऱ्या टकरीच्या काळात ते क्षार वितळले आणि त्यांनी चिखलातले ॲल्युमिनियम हलवून माणिक वाढवले. क्षार नसते तर चुनखडीत ॲल्युमिनियम जागचे हलले नसते. जवाहिऱ्याच्या तराजूत समुद्राचे मीठ तोलले जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

पण मीठ म्हणजे समुद्र, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्याच ब्रोकन हिल या प्रचंड शिसे-जस्त साठ्याशेजारच्या तुरमलीतले बोरॉन जॉन स्लॅक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तपासले. समुद्राच्या पाण्यात बोरॉनचे जड समस्थानिक ठरावीक मापदंडाच्या तुलनेत दर हजारी जवळजवळ ४० ने जास्त असते. ब्रोकन हिलचे आकडे त्याच्या विरुद्ध टोकाला, शून्याच्या पुष्कळ खाली आले. त्यांचा अर्थ लावला गेला तो असा की हे बोरॉन खाऱ्या तळ्यांतले, समुद्रातले नव्हे. लोणार सरोवराचे पाणी खारट आहे म्हणून बुलढाण्यात समुद्र होता असे कोणी म्हणत नाही. खडकांच्या बाबतीत मात्र ही घाई वारंवार होते.

ऑक्सिजनची साक्ष सर्वांत जास्त वापरली जाते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त भांडण आहे. ऑक्सिजनचे १८ वजनाचे आणि १६ वजनाचे अणू यांचे गुणोत्तर आजच्या समुद्रात शून्य धरले, तर ताज्या बेसाल्टात ते दर हजारी ५.७ च्या आसपास असते. समुद्रतळावर थंड पाण्याने बदललेला बेसाल्ट याहून जड होतो, गरम पाण्याने बदललेला हलका. ग्रेगरी आणि टेलर यांनी १९८१ मध्ये ओमानमधल्या समाईल येथे डोंगर म्हणून वर आलेला, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांचा समुद्रतळ वरपासून खालपर्यंत मोजून हे दाखवले. वरचा भाग जड, खालचा हलका. दोन्हींची गोळाबेरीज जवळजवळ मूळच्या बेसाल्टाइतकी. यातून निघालेला मोठा निष्कर्ष असा की समुद्रतळच समुद्राच्या ऑक्सिजनला ताळ्यावर ठेवतो.

याचा सुंदर उपयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. रॉबर्ट्स व्हिक्टर या हिऱ्याच्या खाणीतून एक्लोजाइटचे गोटे वर येतात. लाल तामडा आणि हिरवा पायरॉक्सीन यांचा हा देखणा खडक पृथ्वीच्या कवचाच्या खालून, शंभराहून जास्त किलोमीटर खोलीवरून ज्वालामुखीने उचलून आणलेला. तिथे ऑक्सिजन ५.५ च्या आसपासच असायला हवा. पण १९७१ पासूनच्या मोजणीत तो २ पासून ८ पर्यंत पसरलेला दिसला. इतक्या खोलीवर इतका फरक घडवणारी कोणतीही प्रक्रिया नाही. तो फरक पृष्ठभागाजवळच्या पाण्याने आधी झालेला असला पाहिजे. म्हणजे हे एक्लोजाइट एके काळचा समुद्रतळ आहे, जो खाली सरकला आणि नंतर हिऱ्यांबरोबर वर आला. तामड्याच्या एका दाण्यात एवढा प्रवास लिहिलेला असतो, हे मला या विषयातले सर्वांत चकित करणारे वाटते.

हीच मोजपट्टी समुद्र नसल्याचेही सांगते. चीनमधल्या चिंगलुंगशानच्या एक्लोजाइटात ऑक्सिजन उणे १० च्या आसपास आहे. रशियातल्या करेलियाच्या खिटोस्त्रोव येथील कोरंडम असलेल्या खडकात तर उणे २७ पर्यंत. समुद्राचे पाणी असले आकडे देऊच शकत नाही. ते फक्त हिम किंवा अतिथंड प्रदेशातले पावसाचे पाणी देते. म्हणजे भाजलेल्या खडकातून बर्फही ओळखता येतो. समुद्राची खूण विश्वासार्ह ठरते ती अशा विरोधी उदाहरणांमुळेच.

आता पुढचा प्रश्न: सर्वांत जुना समुद्र कोणता? ग्रीनलंडची राजधानी नूकपासून ईशान्येला, हिमथराच्या काठावर इसुआ नावाचा पट्टा आहे. तिथल्या पट्टेदार लोहखडकाचे वय स्टीफन मूरबाथ आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ३७६ कोटी वर्षे ठरवले, तेव्हा जगातले सर्वांत जुने खडक म्हणून त्याचे नाव झाले. तिथे पाण्याखाली लाव्हा थिजताना होणारे उश्यांसारखे आकार आहेत, चेपलेले पण ओळखू येणारे. गारगोटी आणि मॅग्नेटाइटचे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांत इट्रियम आणि होल्मियम यांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे आहे. ज्वालामुखी खडकात हे दोन जुळे घटक २८ ला १ या प्रमाणात राहतात, समुद्रात ते प्रमाण वाढते. २०१२ मध्ये एमिली पोप, डेनिस बर्ड आणि मिनिक रोझिंग यांनी इसुआच्या सर्पेंटाईनमधला हायड्रोजन तपासला. त्यांच्या मते त्या काळचा समुद्र आजच्यापेक्षा हायड्रोजनच्या दृष्टीने थोडा हलका होता आणि आकारमानाने आजच्याहून २६ टक्क्यांपर्यंत मोठा असू शकतो. आकार, रसायन आणि समस्थानिके अशा तीन वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर येते, म्हणून ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता हे मी सिद्ध झालेले मानतो.

तिथूनच दीडेकशे किलोमीटरवर, अकिलिया बेटावर, हीच खात्री ढासळते. तिथला गारगोटी-पायरॉक्सीनचा पट्टेदार खडक समुद्री लोहखडक आहे की द्रवांनी खाऊन टाकलेला अग्निजन्य खडक? १९९६ मध्ये त्यातल्या ग्रॅफाइटवरून प्राचीन जीवसृष्टीचा दावा झाला. २००२ मध्ये फेडो आणि व्हाइटहाउस यांनी खडकाचे मूळच नाकारले. २००४ मध्ये लोखंडाच्या समस्थानिकांनी पारडे पुन्हा समुद्राकडे झुकवले. इसुआतही २०१६ मध्ये नटमन यांनी जिवाणूंनी रचलेले घुमट दाखवले आणि २०१८ मध्ये ॲलवुड यांनी ते खडक चेपल्याने झालेले आकार असल्याचे दाखवले. जीव शोधण्याच्या उत्साहात समुद्राचा पुरावा उगाच वादात ओढला जातो, हे इथे बोलायला हवे. समुद्र असण्यासाठी जीव असावाच लागत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन खनिजाचे कण याहून जुने आहेत. तिथल्या रूपांतरित दगडगोट्यांच्या खडकात अडकलेल्या एका कणाचे वय ४४० कोटी वर्षे. २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या झिरकॉनांमधला ऑक्सिजन जड असल्याचे जाहीर केले. पृथ्वीच्या प्रावरणातल्या झिरकॉनांत तो ५.३ च्या आसपास असतो, इथे काहींत ७ च्या वर. याचा अर्थ ज्या लाव्हारसातून ते वाढले तो थंड पाण्याने बदललेला खडक वितळून झालेला होता. वृत्तपत्रांनी तेव्हापासून ‘४४० कोटी वर्षांपूर्वीचे महासागर’ लिहायला सुरुवात केली. पुरावा मात्र पाण्याचा आहे, महासागराचा नाही. २०२४ मध्ये तिथल्याच सुमारे ४०० कोटी वर्षांच्या काही झिरकॉनांत उलट फार हलका ऑक्सिजन आढळला, आणि त्याचे स्पष्टीकरण पावसाच्या गोड्या पाण्याचे दिले गेले. म्हणजे तेव्हा पाऊस पडत होता आणि पाण्याबाहेर जमीनही होती. मोठे समुद्र असणे त्याच्याशी सुसंगत आहे, पण सुसंगत असणे आणि सिद्ध होणे या दोन गोष्टी वेगळ्या.

प्राचीन समुद्र कसा होता, यावर तर अजून एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन पट्ट्यातल्या चर्ट खडकांतला ऑक्सिजन पाहून नॉथ आणि लो यांनी २००३ मध्ये समुद्राचे तापमान ५५ ते ८५ अंश काढले. त्याच पट्ट्यातल्या फॉस्फेटवरून २०१० मध्ये ब्लेक यांच्या गटाने २६ ते ३५ अंश काढले. म्हणजे एकाच्या समुद्रात हात घालवणार नाही, दुसऱ्याचा कोकणच्या किनाऱ्यासारखा. मग समुद्रातल्या ऑक्सिजनचे गुणोत्तरच तेव्हा वेगळे होते का? जॉन्सन आणि विंग यांनी २०२० मध्ये पिल्बारातल्या ३२४ कोटी वर्षांच्या समुद्रतळावरून तसा दावा केला: समुद्र दर हजारी ३.३ ने जड, कारण जमीन फार थोडी वर होती. इसुआच्या सर्पेंटाईनवरून मात्र तेव्हाच्या समुद्रातला ऑक्सिजन आजच्याशी मिळताजुळता दिसतो. दोन्ही बरोबर असणे कठीण आहे. माझा कल थंड समुद्राकडे आहे. चर्ट नंतरच्या उष्णतेत सहज बदलते, आणि बार्बर्टनचे खडकही मंद आचेवर का होईना, रूपांतरित झालेलेच आहेत.

समुद्राचे पाणी आणखी खाली कुठवर जाते, याचा माग क्षार आणि वायू घेतात. जपानमधल्या शिकोकूवरच्या हिगाशी-आकाइशी पर्वतात सुमारे शंभर किलोमीटर खोलीवरून आलेल्या खडकात क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन आणि निष्क्रिय वायू सागरी गाळातल्या पाण्याच्याच प्रमाणात सापडले. निळ्या हिऱ्यांत बोरॉन असते. २०१८ मध्ये अशा ४६ हिऱ्यांच्या अभ्यासातून त्यांचा जन्म साडेसहाशे किलोमीटरच्या खाली आणि बोरॉन खचलेल्या समुद्रतळाच्या सर्पेंटाईनमधून, असा तर्क निघाला. गोवळकोंडा मुलखातला तो प्रसिद्ध ‘होप’ हिरा याच प्रकारचा आहे. तर्क देखणा आहे. पण अजून तर्कच.

आपल्याकडे हा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही, फक्त काळ्या कातळाच्या पलीकडे जावे लागते. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मर्डीहळ्ळी येथे उश्यांच्या आकाराचा लाव्हा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. त्याच जिल्ह्यात घट्टीहोसहळ्ळीला ३०० कोटी वर्षांहून जुने, चांगलेच भाजलेले बॅराइटचे थर आहेत. बॅराइटला सल्फेट लागते, आणि हवेत मोकळा ऑक्सिजन नसताना समुद्रात ते कुठून आले हा प्रश्न हे थर जगभरच्या अभ्यासकांपुढे ठेवतात.

गोव्यातला डिचोली-सांखळीचा पट्टा आणि सिंधुदुर्गातले रेडी हे चित्रदुर्गच्याच जातीच्या, धारवाडी खडकांचे. गेली कित्येक दशके जे लोहखनिज बार्जमधून मांडवीवरून गेले, ते खरे तर पावसाने केलेले होते. पट्टेदार खडकातली गारगोटी धुऊन गेली आणि लोह उरले. समुद्राची खूण मूळ गारगोटी-मॅग्नेटाइटच्या खडकात आहे, आणि त्याला भाव नाही. भंडारा-नागपूरच्या सौसर खडकांत डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, गुमगाव येथे मँगनीज आहे. सर लुइस फर्मोर यांनी १९०९ मध्ये तिथल्या तामडा आणि गारगोटीच्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले, आणि ते जगभर रूढ झाले. ऑक्सिजन कमी असलेल्या खोल पाण्यात मँगनीज विरघळलेले राहते, उथळ आणि हवेशीर पाण्यात बसते; त्या गाळाबरोबर थोडा चिखल आणि वाळू भाजली की मँगनीजचा तामडा तयार होतो. शेजारी डोलोमाइटी संगमरवर आहेच. साकोलीच्या खडकांत, नागपूर जिल्ह्यात, तांबे-जस्ताच्या गंधकी खनिजांलगत तुरमलीने भरलेले थर आहेत. ब्रोकन हिलचा धडा लक्षात ठेवून त्यांचे बोरॉन वाचावे लागेल.

या सगळ्या मोजमापांची एक अट आहे: नमुना ताजा हवा. लाल मातीत झिजलेला खडक आपल्या पावसाचे गुणोत्तर दाखवतो, जुन्या समुद्राचे नव्हे. ताजा खडक मिळतो तो खाणीच्या नव्या कड्यावर किंवा खोल बोअरच्या गाभ्यात, आणि ते दोन्ही खाणवाल्यांच्या हाती असतात. खनिज संपले की खाणीत पाणी भरते आणि बिनभावाचे गाभे टाकून दिले जातात. गोव्यातल्या आणि विदर्भातल्या भूशास्त्र विभागांनी खाणी चालू आहेत तोवर हे गाभे मागून घ्यावेत, त्यांवर ठिकाण आणि खोली लिहून ठेवावी, आणि कोरड्या जागेत सांभाळावेत.